‘म’ तसाच राहू दे

आबा,

“ज्याला उठायची गरज न्हाई, त्याला उठवू नको.” तुम्ही हे पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला वाटलं, तुम्ही आईबद्दल बोलताय. ती नुकतीच भाकऱ्या संपवून चुलीजवळ भिंतीला टेकली होती आणि मी तिच्याकडे पाणी मागणार होते. पण तुम्ही माझ्या हाताकडे बघत होतात. पेटीवर माझी तीन बोटं एकदम दाबलेली होती. पुढचे तीन सूर दाबताना त्यातलं एक बोट होतं तिथंच लागणार होतं, तरी मी तिन्ही उचलली आणि पुन्हा टेकवली. तुम्ही भाता थांबवलात, आवाज विरला आणि तुम्ही ते वाक्य बोललात. रागावला नाहीत. पुढं ते मी तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की अजून, मी शिकवते त्या शाळेत प्रार्थनेला पेटीवर बसले की आधी ते ऐकू येतं, प्रार्थना नंतर.

गेल्या आठवड्यात इथं सांगलीत डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि बोटांच्या टोकांना टाचणी लावत विचारत गेले, “आता? आता?” मी गप्प होते. त्यांना वाटलं, मला प्रश्न कळला नाही. प्रश्न कळला होता, टाचणी कळत नव्हती. तुमची साखर माझ्यात उतरली आहे, आबा. आज शाळेला सुट्टी आहे, दुपार आहे, आई आत पडली आहे. ह्यांची बदली शिरवळच्या कारखान्यात झाल्यापासून ते रविवारीच घरी येतात, मुलगा पुण्याला. घर शांत आहे. पेन घट्ट धरावं लागतंय, नाहीतर हातात आहे की सुटलं ते समजत नाही. पंचेचाळीसाव्या वर्षी बाईनं इतकं दमू नये म्हणतात, पण मी दमले आहे, आणि दमल्यावर माणूस खरं बोलायला जरा कमी घाबरतं. क्लबातल्या त्या शनिवारची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही असताना मला ती सांगता आली असती. नाही सांगितली.

तुम्हाला तुमचीच हकीकत सांगण्यात अर्थ नाही, पण मला क्रमानं आठवायचं आहे. तुमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. घरातले सगळे फौजेत बंदूक धरायला गेले, तुम्ही बाजा वाजवायला गेलात. पलटणीच्या बँडमध्ये गोव्याकडचे एक म्हातारे मास्तर होते. साहेबांच्या मेसमधला पियानोवाला आजारी पडला तेव्हा त्यांनी तुम्हाला क्लॅरिनेटवरून उचलून पियानोवर बसवलं. तेव्हापासून वीसेक वर्षं दिवसा परेडला बँड आणि संध्याकाळी साहेबलोकांच्या नाचाला जाझ. एकाहत्तरच्या लढाईनंतर तुम्ही पेन्शनीवर आलात, शेतात तुमचं मन लागेना, आणि साताऱ्याच्या कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात तुम्ही स्टोअरकीपर झालात. मागच्या अंगाला आपल्याला दोन खोल्या मिळाल्या. हॉलमध्ये भिंतीला लावून तो काळा पियानो होता. पावसाळ्यात त्याच्या काही पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत, म्हणून तुम्ही त्याच्या पोटात एक बल्ब पेटवून ठेवायचात. फळीच्या फटीतून पिवळा उजेड दिसायचा आणि मला वाटायचं, आत कुणीतरी राहतं. आठवडाभर तुम्ही खाकी शर्टात साखरेची पोती आणि पत्त्यांचे जोड सांभाळायचात. शनिवारी संध्याकाळी तपकिरी कोट घालून पियानोवर बसलात की तुमची मानसुद्धा वेगळी दिसायची. त्या दोन तासांसाठी तुम्ही बाकीचे सहा दिवस काढत होतात, हे कळायला मला फार वय लागलं नाही.

पियानोला हात लावायची मुभा मला आठवड्यातून दोन दुपारी, क्लब बंद असताना. बाकी दिवस घरची पेटी. आणि पेटीवाल्याचा डावा हात तर भात्यात अडकलेला असतो. मी तशीच शिकले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी तुम्ही मला पियानोवर बसवलंत तेव्हा माझा उजवा हात पट्ट्यांवर गेला आणि डावा आपोआप पुढं जाऊन पियानोच्या फळीवर भाता मारायला लागला. तुम्ही हसत सुटलात. “आगं, त्याला दम लागत न्हाई! त्यो मशीन हाय!” हसता हसता तुम्हाला खोकला आला. मला इतकी लाज वाटली की मी दोन दिवस हॉलमध्ये आले नाही. मग उपाय तुम्हीच काढलात. घरी पेटीच्या पलीकडे, माझ्यासमोर तुम्ही मांडी घालून बसायला लागलात. भाता तुम्ही मारायचात आणि माझे दोन्ही हात पट्ट्यांवर. एका पेटीला दोन माणसं. येणारीजाणारी माणसं दारात थांबून बघायची. मी चुकले की तुम्ही काही बोलायचा नाहीत, भाता थांबायचा. अजूनही कुणी बोलता बोलता मध्येच गप्प झालं की मला वाटतं, माझं काहीतरी चुकलं.

तीन-चार सूर एकदम दाबले की तुमचे मास्तर त्याला कॉर्ड म्हणत. तुम्ही त्याला घर म्हणायचात. “घर बदलायचं म्हंजे समदी भांडीकुंडी डोक्यावर घिऊन पळायचं न्हवं. बग. ह्या घरात तुझ्याकडं म हाय आन सा हाय, खाली मी रे वाजवतोय. आता खाली प येनार. तू काय करायचं? म तसाच ऱ्हाऊ दे. सा नुस्ता घसरून शेजारी, नी वर. झालं. आता खाली सा येतोय. नी तसाच ऱ्हाऊ दे. म घसरून ग वर. बास. एका टायमाला एकच बोट हालतंय, तेबी एक पट्टी. ऐकनाराला घर बदलल्यालं कळाय नको. उजेड बदलला असं वाटाय पायजे.” म-सा, म-नी, ग-नी. हे मी पाढ्यासारखं म्हणत धुणं बडवलं आहे, दुष्काळाच्या उन्हाळ्यात हंडा घेऊन रांगेत उभी राहिले आहे. तुम्ही म्हणायचात, “वरचा सूर समद्यास्नी ऐकू येतो, खालचा पायाला कळतो. मधल्यांचं कोन नाव घेत न्हाई. पर त्ये हाललं की समदंच हाललं.”

माझा हात तरी उडायचाच. मग तुम्ही माझ्या हाताच्या पाठीवर एक भुईमुगाची शेंग ठेवायला लागलात. घर बदलताना शेंग पडली तर ती तुमची, नाही पडली तर माझी. त्या महिन्यात तुम्ही पुष्कळ शेंगा खाल्ल्यात. आई चिडली. “बापलेकीनं माझं बियानं संपवलं. आन पोरीला काय शिकीवताय, तर बोटं हालवायची न्हाईत! मग घरात काम कोन करनार?” तुम्ही म्हणालात, “आगं, जेवढं लागतंय तेवढंच हालायचं, एवढंच सांगतोय.” आई म्हणाली, “ते तुमास्नी लय चांगलं जमतंय.” आणि तुम्ही, एवढे फौजी, गुपचूप उठून सरपण फोडायला गेलात. आईला ते संगीत शेवटपर्यंत कळलं नाही. अर्धा तास ऐकल्यावर ती विचारायची, “गानं सुरू झालं का अजून पेटीच लावताय?” पण भाकरी उलटताना तिची मान त्या ठेक्यावर हलायची. मी ते तुम्हाला दाखवलं होतं. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत, म्हणजे तिला सांगू नको.

आता स्वयंपाकघरातली ती सकाळ. मी पंधरा वर्षांची आहे. आई नदीवर गेली आहे, चुलीवर चहाचं पातेलं उकळतंय, आणि तुम्ही ते दोन्ही हातांनी, सांडशीशिवाय, उचलून खाली ठेवता. सावकाश. घाई नाही, हायहुय नाही. मी बघतच राहते. तुम्ही कपात चहा ओतता, आणि मग मला वास येतो. मी तुमचा हात धरून उलटा करते, तर बोटांची टोकं पांढरी पडली आहेत आणि एका ठिकाणी कातडी पातेल्यालाच राहिली आहे. तुम्ही हाताकडे बघता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. “वरीस झालं,” तुम्ही म्हणता. “आदी मुंग्या यायच्या. आता त्याबी येत न्हाईत.” मी रडायला लागते तेव्हा तुम्ही म्हणता, “गप. आईला सांगू नको. क्लबात तर कुनालाच नको.” मी विचारते, “मग शनिवारी कसं वाजवता?” तुम्ही चहाचा घोट घेता. “कानानं. बोट पडलं की ऐकायचं, कुटं पडलंय ते. चुकीचं असलं तर लगेच सरकवायचं. लोकास्नी वाटतंय, मुद्दाम केलंय.” आणि तुम्ही हसता. त्या शनिवारी खिडकीखाली उभं राहून मी पहिल्यांदा भीतीनं तुमचं वाजवणं ऐकलं. कितीतरी सूर तुम्ही शेजारच्या पट्टीवरून सरकवून आणत होतात.

वर्षभर ते निभावलं. मग दिवाळीच्या आधी क्लबात रेकॉर्ड प्लेअर आला. सेक्रेटरीसाहेब निवृत्त मेजर होते, वाईट माणूस नव्हता. ते स्टोअरमध्ये आले आणि त्यांच्या फौजी हिंदीत म्हणाले, “बँडमास्टर, कमिटी कहती है मशीन कभी थकती नहीं. पुणे से मेहमान आ रहे हैं. इस शनिवार अच्छा सुना दो, मैं सबका मुँह बंद कर दूँगा.” म्हणजे चांगलं झालं तर शनिवार तुमचे, नाहीतर मशीनचे. घरी आल्यावर तुम्ही पेटी काढली नाहीत, मला हॉलमध्ये घेऊन गेलात. “शनवारी तू माझ्या उजवीकडं बसायचं. उजव्या हातानं गानं वाजव. डाव्यानं मधलं घर धर. मी नुस्तं खालचं वाजवतो, डाव्यानं.”

“आणि तुमचा उजवा हात?”

“कोटाच्या खिशात. सायबलोक ठेवत्यात तसा.”

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. “पट्टी माझ्या बोटाला लागत न्हाई आता, पोरी. कानाला लागती. तुझा म वाजत असला की मला कळतंय मी कुटं हाय, पुढचा प किती लांब हाय. तेवढा सोडू नको. बाकी काय चुकलं तर चुकू दे.”

चार दिवस सकाळ-दुपार आपण तेच केलं. माझ्या डाव्या हातावर शेंग होती आणि ती एकदाही पडली नाही. शुक्रवारी तुम्ही ती सोलून मला दिलीत.

शनिवारची संध्याकाळ. हॉलमध्ये दिवे लागले आहेत, मी आईनं इस्त्री केलेलं परकर-पोलकं घातलं आहे. त्या दिवशी पाहुणे जास्त म्हणून आईलाही वाढायला बोलावलं आहे, ती स्वयंपाकघराच्या दारात ताटं घेऊन उभी आहे. पहिलं गाणं नीट होतं, दुसरंही. तुमचा उजवा हात खिशात आहे आणि खरंच साहेबासारखा दिसतो आहे. मधल्या घरातले माझे दोन सूर घसरतात, थांबतात, घसरतात, आणि खाली तुमचा हात त्यांच्या मागून बरोबर येतो. लोक बोलायचे थांबले आहेत. आणि तिसऱ्या गाण्याला पुण्याची एक बाई येऊन पियानोला टेकते. कापलेले केस, पांढरी साडी. ती तुमच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. माझ्याकडे तसं आजवर कुणी बघितलेलं नाही. ती हळूच म्हणते, “अजून काय काय येतं गं तुला?”

खाली तुमचा रे वाजून झाला होता, आता प यायचा होता. माझा म दाबलेला होता. आबा, मी तो उचलला. दोन्ही हात उचलले आणि पियानोच्या वरच्या टोकापासून दोन्ही हातांनी धावत खाली आले, जसं मी दुपारी एकटी असताना चोरून करायची. फार छान दिसतं ते. त्या बाईनं “वा!” म्हटलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तुमचा हात दिसत होता, पट्ट्यांच्या वर तरंगत, नदीत उतरणाऱ्याचा पाय तळ शोधतो तसा. मग तो पडला, प च्या शेजारच्या काळ्या पट्टीवर. तो आवाज मला इथं लिहिता येणार नाही. तुम्ही सरकवायला गेलात, तर आणखी लांब गेलात, कारण मी अजून वरच धावत होते आणि तुम्हाला धरायला काहीच नव्हतं. मागून कुणीतरी हसलं. तुम्ही हात उचलून मांडीवर ठेवलात. मी एकटीनं गाणं संपवलं. टाळ्या मिळाल्या. माझी उडी कुणाला चूक वाटली नाही, चूक फक्त तुमची ऐकू आली.

सेक्रेटरीसाहेब मला “शाबास बेटी” म्हणाले आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून, हळू, “बहुत बजा लिया बँडमास्टर. अब आराम.” हॉलपासून आपल्या खोल्यांपर्यंत पन्नास पावलं. त्या पन्नास पावलांत मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते. तुम्ही ते वाक्य म्हणाला असतात तर मी तिथंच तुमचे पाय धरले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. दाराशी आल्यावर तुम्ही म्हणालात, “पाखरावानी गेली बोटं तुझी. माझंच बोट मेलं.” आणि मी म्हणाले, “असू दे, आबा.” असू दे! जशी मीच तुम्हाला माफ करत होते.

त्यानंतर पियानोला कुलूप लागलं. किल्ली तुमच्याच जुडग्यात राहिली, पण तुम्ही ती वापरली नाहीत. पावसाळ्यात मात्र फळी उघडून बल्ब लावत राहिलात, कुणी वाजवणार नसताना. तपकिरी कोटाची तुम्ही आईकडून बाजाराची पिशवी करवून घेतलीत. त्या पिशवीतून भाजी निघायची तेव्हा मी बाहेर जायची. कॉलेजसाठी सांगलीला मावशीकडे जायचं मीच काढलं. तुम्हाला वाटलं शिकायची हौस. मला ती पिशवी बघायची नव्हती.

पहिल्याच दिवाळीला तुम्ही एसटीनं सांगलीला आलात, पोत्यात गुंडाळलेली एक लांबलचक फळी घेऊन. “कंडक्टर इचारतोय, शिडी हाय का? म्हनलं, पियानो हाय. त्यो येडा समजला मला.” सुताराकडून रंधा मारून घेतलेली फळी, तिच्यावर पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या ओढलेल्या, आणि काळ्या पट्ट्या मात्र लाकडाच्या वेगळ्या कापून वर चिकटवलेल्या, बोटाला कळाव्यात म्हणून. माझ्या बोटाला. तेव्हा मला त्या उंचवट्यांचा अर्थ लागला नाही. मी म्हणाले, “ह्याला आवाज नाही.” तुम्ही म्हणालात, “आवाज तू आन.” तुम्ही गेल्यावर मी ती कॉटखाली सारली. पुढं मावशीनं तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या आणि मी मांडू दिल्या. लग्नानंतर ती माझ्या घरी आली, तेव्हा मीही बरण्याच मांडल्या.

पायाची जखम भरेना म्हणून तुम्हाला सांगलीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. चार वाजताचं ऊन पांघरुणावर पडलं होतं आणि तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यावर हलत होती. एक जागेवर, एक जरासं खाली. मग दुसरं जागेवर, पहिलं खाली. मला कळलं काय चाललंय. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “त्या शनवारी माझं बोट चुकलं आन तुझं वाजवनं मोडलं. माझ्यापायी सोडलंस तू. लय वाईट झालं बग.” खोलीत आपण दोघंच होतो. आई खाली चहा आणायला गेली होती. सगळं सांगायला तेवढा वेळ पुरला असता. मी पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, “झोपा आता.” तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

एवढंच लिहायचं होतं. हात सुटला नव्हता, मी सोडला होता. उचलायच्या आधी एक क्षण होता, आणि त्या क्षणात मला तुमचं वाक्य आठवलं होतं. आठवलं, आणि तरी मी उचलला. पोरवयात माणसाकडून होतं असं, मी माझ्या विद्यार्थिनींना माफ केलंच असतं. पण विसाव्या वर्षी, त्या पांघरुणापाशी, मी पोर नव्हते.

मला वाटत होतं, हे जगात मी एकटीच जाणते. परवा डॉक्टरांकडून आले, आई मसूर निवडत बसली होती. ती म्हणाली, “त्यांच्यावानीच झालं व्हय तुला?” मी मान हलवली. ती बराच वेळ खडे काढत राहिली. मग सुपातून डोकं वर न काढता म्हणाली, “त्या क्लबात तुझा हात उडाला व्हता.”

मी तिच्यासमोर खाली बसले. “तुला कसं कळलं?”

“मी दारातच व्हते की ताटं घिऊन. मला सूर कळत न्हाईत, पर हात दिसत्यात. चार दिस शेंग ठिवून बसलेला हात त्यो. मी म्हनलं, आं, ह्यो कशाला उडाला?”

“आबांना बोललीस कधी?”

“घरी आल्या आल्या. तू न्हानीत तोंड धूत व्हतीस. म्हनलं, आवं, पोरीनं हात उचलला न्हवं? तर लगीन झाल्यापासनं पैल्यांदा माझ्यावर वराडले. ‘न्हाई! माझंच बोट. पुन्ना असं बोलायचं न्हाई.’ मग म्या कशाला बोलते?” आणि ती खडे टाकायला उठली. एवढ्या वर्षांनी तिनं ते सुपातल्या खड्यासारखं काढून बाजूला ठेवलं.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. माझा म थांबला की ज्याच्या पायाखालची जमीन जायची, त्या माणसाला तो म कुणी उचलला हे कळलं नसेल? आणि कळलं होतं, तर दवाखान्यात ते काय होतं? मला बोलायला दिलेली संधी, की मी बोलू नये म्हणून केलेली सोय? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघते आणि थकते. तुम्ही एक बोट जे तिथं ठेवलंत, ‘माझंच बोट’ म्हणून, ते मरेपर्यंत हलवलं नाहीत.

आज सकाळी बरण्या उतरवून फळी पुसली. पांढरा रंग पिवळा पडला आहे, पण चिकटवलेल्या पट्ट्यांतली एकही सुटलेली नाही. मी डोळे मिटून बोटं ठेवली. उंचवटा असेल, मला लागला नाही. कुठं आहे ते कळेना. मग मी तोंडानं म म्हटला आणि धरून ठेवला, श्वास पुरला तेवढा.

हे पत्र मी फळीच्या पोत्यात ठेवणार आहे. त्याला दुसरा पत्ता नाही. आबा, एकदा मला बोला. भाता थांबवा, माझ्याकडे बघा आणि एकदाच म्हणा, “व्हय पोरी, तूच हात उचललास.” तुम्ही म्हणणार नाही, मला ठाऊक आहे. तरी म्हणा.